चोर सोडून संन्याशाला सुळी

दुसरे महायुद्ध संपल्यावर जर्मनीत जे प्रश्न पुढे आले, त्यांत न्यायाधीशांचा प्रश्न सर्वांत अडचणीचा होता. नाझी राजवटीची बारा वर्षे न्यायालये बंद नव्हती. सुनावण्या होत होत्या, निकालपत्रे लिहिली जात होती आणि त्या निकालपत्रांच्या आधाराने माणसांची डोकी उडवली जात होती. कायद्यात मुरलेली ही मंडळी इतकी वाकली कशी? याचे सर्वांत गाजलेले उत्तर १९४६ साली गुस्टाफ राडब्रुख यांनी दिले. उत्तर देणारा माणूस ऐरागैरा नव्हता. राडब्रुख वायमार प्रजासत्ताकात कायदामंत्री होते आणि १९३३ मध्ये नाझींनी त्यांना हायडलबर्ग विद्यापीठातून काढून टाकले होते. त्यांचे निदान असे होते: ‘कायदा तो कायदा’ ही शिकवण जर्मन विधिज्ञांच्या हाडीमासी इतकी खिळली होती की, अन्यायी कायदा समोर आल्यावर प्रतिकारासाठी त्यांच्या हाती काही उरलेच नाही. या शिकवणीला शास्त्रात विधिप्रत्यक्षवाद म्हणतात, बोलताना सर्रास पॉझिटिव्हिझम. राडब्रुख यांनी उपायही सुचवला. कायद्याची निश्चितता मोलाची आहे, म्हणून एरवी सदोष कायदाही मानावा. पण अन्यायाने असह्य पातळी गाठली तर कायद्याने न्यायापुढे माघार घ्यावी आणि जिथे समतेचे तत्त्व जाणूनबुजून पायदळी तुडवलेले असेल, तिथे त्या फर्मानाला कायदा म्हणूच नये.

हे निदान पुढे जगभर पसरले. आपल्याकडेही कायद्याच्या विद्यार्थ्यांना ते परीक्षेपुरते तरी पाठ असते आणि एखादा निकाल निर्दय वाटला की, ‘कोरडा पॉझिटिव्हिझम’ हा शेरा तयारच असतो. राडब्रुख यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण पुराव्याच्या कसोटीवर हे निदान टिकत नाही, असे माझे म्हणणे आहे. हुकूमशाहीला हातभार लावणारे न्यायाधीश बहुतेक वेळा कायद्याच्या शब्दाला चिकटून बसलेले नव्हते; उलट तो शब्द सोडून सत्तेला हवा तो अर्थ काढायला मोकळे झालेले होते. आरोप भलत्यावरच झाला.

आधी या पंथाचे म्हणणे काय ते पाहू. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेरेमी बेंथम यांनी ब्लॅकस्टोनसारख्या पंडितांवर टीका केली, ती हे पंडित इंग्लंडचा चालू कायदा आणि विवेक या दोन्ही गोष्टी एकच असल्यासारखे लिहीत म्हणून. ‘हा कायदा आहे’ या वाक्यातच ‘तो योग्य आहे’ हे गृहीत धरले, तर सुधारणेला जागाच राहत नाही. जॉन ऑस्टिन यांनी १८३२ मध्ये हाच मुद्दा सूत्रबद्ध केला: कायदा अस्तित्वात आहे की नाही हा एक प्रश्न, तो चांगला की वाईट हा दुसरा. विसाव्या शतकात हान्स केल्सन आणि एच. एल. ए. हार्ट यांनी या विचाराला नेमकेपणा दिला. यांतल्या कोणीही ‘कायदा आहे म्हणून तो पाळलाच पाहिजे’ असे म्हटलेले नाही. बेंथम यांनी तर कायदा पाळावा आणि त्यावर मोकळेपणाने टीकाही करावी, असे एकाच दमात सांगितले. कायदा ओळखण्याची रीत सांगणे आणि आज्ञापालनाचा उपदेश करणे यांत जे अंतर आहे, ते नजरेआड केल्याशिवाय राडब्रुख यांचे निदान उभेच राहत नाही.

आता जर्मनीतला पुरावा. पॉझिटिव्हिझमने हुकूमशाहीची वाट मोकळी केली असती, तर त्याचे आचार्य नाझींच्या मांडीला मांडी लावून बसलेले दिसायला हवे होते. घडले नेमके उलटे. ऑस्ट्रियाची १९२० ची राज्यघटना घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता आणि जे संसदीय लोकशाहीच्या बाजूने सातत्याने लिहीत होते, त्या केल्सन यांना १९३३ च्या एप्रिलमध्ये कोलोन विद्यापीठातून हटवण्यात आले. ते ज्यू कुळातले होते. त्यांना पदावर ठेवावे म्हणून सहकाऱ्यांनी अर्ज केला, त्यावर सही करायला विद्याशाखेतल्या एकट्याने नकार दिला: कार्ल श्मिट यांनी. पॉझिटिव्हिझमचे कडवे टीकाकार असलेले हे श्मिट १ मे १९३३ रोजी नाझी पक्षात दाखल झाले. ३० जून १९३४ रोजी आणि पुढचे दोन दिवस हिटलरने आपल्याच पक्षातल्या व बाहेरच्या विरोधकांना खटल्याविना ठार मारवले. ३ जुलैला मंत्रिमंडळाने एक कलमी कायदा करून ही सारी कृत्ये मागाहून कायदेशीर ठरवली आणि ऑगस्टमध्ये श्मिट यांनी लेख लिहून प्रतिपादन केले की फ्यूरर हाच न्यायाचा रक्षक आणि खरे न्यायदान त्याच्याकडूनच उगम पावते. कायदा वेगळा आणि सत्ताधीशाची इच्छा वेगळी, हा भेदच त्या लेखाने पुसून टाकला.

पुढच्या वर्षी हीच दृष्टी कायद्याच्या पुस्तकात शिरली. लिखित कायद्यात आधी गुन्हा ठरवल्याशिवाय शिक्षा नाही, हे तत्त्व वायमार राज्यघटनेत होते. २८ जून १९३५ च्या दुरुस्तीने दंडसंहितेचे दुसरे कलम बदलले: एखादे कृत्य कोणत्याही कलमात नेमके बसत नसले, तरी दंडविधानातल्या मूळ कल्पनेनुसार आणि ‘जनतेच्या निकोप भावनेनुसार’ ते शिक्षापात्र असेल, तर न्यायाधीशाने सर्वांत जवळचे कलम लावून शिक्षा करावी. हे कलम नीट वाचले की लक्षात येते की, इथे कायद्यातून नीती हद्दपार झालेली नाही. तिला मानाने आत बोलावले आहे. ती नीती कोणाची, हे अर्थात पक्ष ठरवणार होता. न्यायाधीशाने अक्षरांवर अडून बसणे राजवटीला परवडणारे नव्हते.

या मोकळिकीचा उपयोग कसा झाला, याचा एक खटला जवळून पाहण्यासारखा आहे. लेओ काट्सेनबर्गर हे न्यूरेंबर्गचे पादत्राणांचे व्यापारी आणि तिथल्या ज्यू समाजाचे प्रमुख. त्यांच्या इमारतीत भाड्याने राहणाऱ्या, परिचिताच्या मुलीशी त्यांचे शरीरसंबंध आहेत अशी कुजबुज झाली. दोघांनीही इन्कार केला, तिने तर शपथेवर. संबंधांचा पुरावा मिळेना. १९३५ च्या रक्तसंरक्षण कायद्यात ज्यू आणि बिगरज्यू यांच्यातल्या अशा संबंधांसाठी पुरुषाला कैद सांगितली होती, मृत्युदंड नव्हे. न्यूरेंबर्गच्या विशेष न्यायालयाचे प्रमुख ओस्वाल्ट रोटहाउग यांना मात्र मृत्युदंडच हवा होता. मग युद्धकाळातल्या दिवेबंदीचा गैरफायदा घेऊन गुन्हा करणाऱ्यांसाठी १९३९ च्या सप्टेंबरमध्ये काढलेला वटहुकूम त्यांनी मदतीला घेतला. सलगीच्या हालचाली म्हणजे शरीरसंबंधच, आणि त्या अंधाराच्या आडोशाने झाल्या, असा जोड देऊन मार्च १९४२ मध्ये काट्सेनबर्गर यांना देहदंड फर्मावला गेला. जूनमध्ये तो अमलात आला. बाईलाही खोट्या शपथेबद्दल कैद झाली. रक्तसंरक्षण कायदा हा मुळातच किळसवाणा होता, त्याचे समर्थन कोणी करू नये. पण कायद्याच्या शब्दाला धरून बसणाऱ्या न्यायाधीशाला त्याच किळसवाण्या कायद्याखालीही काट्सेनबर्गर यांचा जीव घेता आला नसता. १९४७ च्या न्यायाधीशांच्या खटल्यात रोटहाउग यांना जन्मठेप झाली आणि १९५६ मध्ये ते सुटलेही.

एका खटल्यावरून सरसकट विधान कसे करायचे, असे कोणी म्हणेल. त्यासाठी बेर्न्ड ऱ्युटर्स यांचा १९६८ चा अभ्यास आहे; त्याचे नावच ‘अमर्याद अर्थनिर्णय’ अशा आशयाचे आहे. त्यांनी दिवाणी कायदा तपासला. नाझींच्या आधीपासून चालत आलेली कलमे जशीच्या तशी असताना ‘सद्वर्तन’, ‘चांगली रीत’ असल्या सैल शब्दांत नवी विचारसरणी भरून न्यायालयांनी ज्यूंचे करार, नोकऱ्या आणि घरभाड्याचे हक्क कसे काढून घेतले, हे त्यांनी दाखवले. नवा कायदा करण्याचीही गरज पडली नाही.

याच राजवटीत विरोध करणारा न्यायाधीश कसा दिसत होता? ब्रांडेनबुर्ग शहरातले पालकत्व-न्यायाधीश लोथार क्रायसिग यांच्या देखरेखीखालचे मनोरुग्ण एकेक करून ‘मृत’ म्हणून कळवले जाऊ लागले. त्यांनी १९४० च्या जुलैमध्ये कायदामंत्री ग्युर्टनर यांना पत्र लिहून रुग्णहत्येची शंका मांडली आणि मोहिमेच्या सूत्रधारावर खुनाची फिर्याद दाखल केली. त्यांना फ्यूररच्या सहीचे खासगी पत्र दाखवण्यात आले. क्रायसिग यांची श्रद्धा ख्रिस्ती होती, धैर्य तिथून आले असणार. पण त्यांचा युक्तिवाद मात्र सरळ पॉझिटिव्हिस्टाचा होता: कपाटात ठेवलेले, प्रसिद्ध न केलेले पत्र म्हणजे कायदा नव्हे. फ्यूररची इच्छा हाच कायद्याचा उगम मानता येत नसेल तर न्यायाधीश राहता येणार नाही, असे ग्युर्टनर यांनी त्यांना बजावले आणि पुढे त्यांना सक्तीने निवृत्त करण्यात आले. त्या संवादात कायदा ओळखण्याची कसोटी कोणाच्या हाती होती आणि ती कोणाला नको होती, हे सांगायला भाष्यकार लागत नाही.

पहिला आक्षेप असा येतो की युद्धानंतर आरोपी न्यायाधीशांनी स्वतःच ‘आम्ही कायद्याने बांधलेले होतो’ असा बचाव केला. बरोबर, केला. पण गुन्हेगाराच्या बचावाला त्याच्या गुन्ह्याचे कारण समजणे ही तपासातली ढोबळ चूक आहे. बाराही वर्षे शब्द वाकवत आलेल्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात शब्दनिष्ठेची वस्त्रे परिधान केली, आणि राडब्रुख यांच्या निदानाने त्यांना ती नकळत शिवून दिली: दोष शिकवणीचा, माणसाचा नाही. हान्स-योआखिम रेझे हे नाझींच्या ‘जनता न्यायालया’तले न्यायाधीश मृत्युदंडाच्या अनेक निकालांत सहभागी होते. १९६७ मध्ये त्यांना झालेली शिक्षा वरिष्ठ न्यायालयाने १९६८ मध्ये रद्द केली, फेरसुनावणीत ते निर्दोष सुटले. पश्चिम जर्मनीच्या न्यायालयांत त्या ‘जनता न्यायालया’च्या एकाही न्यायाधीशाची शिक्षा अखेरपर्यंत टिकली नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सैल भाषेचा गैरवापर नाझींनी केला असेल. पण कायदाच स्पष्ट शब्दांत क्रूर असेल तर? वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेची संसद नेमके, आगाऊ प्रसिद्ध केलेले कायदे करत होती आणि न्यायाधीश ते शब्दशः लावत होते. १९६३ च्या कायद्याने पोलिसांना खटल्याविना नव्वद दिवस कोंडून ठेवण्याचा अधिकार दिला. त्याखाली पकडलेले तरुण वकील आल्बी साक्स यांनी कोठडीत वाचायला पुस्तके व लिहायला कागद मागितले, तर १९६४ मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने तेही नाकारले. जॉन ड्युगार्ड यांच्यासारख्या विधिज्ञांनी यासाठी तिथल्या पॉझिटिव्हिस्ट परंपरेला जबाबदार धरले. या आक्षेपातला अर्धा भाग मी मान्य करतो. स्पष्ट क्रूर कायद्यापुढे शब्दनिष्ठा ढाल होऊ शकत नाही. औपचारिक शिस्त पाळली की दुष्टपणा आपोआप आवरतो, हा विधितत्त्वज्ञ लॉन फुलर यांचा भरवसा दक्षिण आफ्रिकेने खोटा पाडला. पण उरलेला अर्धा भाग तपासा. साक्स यांना पुस्तके देऊ नयेत असे कायद्यात कुठे लिहिले होते? कायदा त्याबाबत मुका होता. कोंडून बोलते करणे हाच कायद्याचा हेतू, तेव्हा एकांत अपुरा राहू नये, असे न्यायालयाने सरकारच्या वतीने वाचून घेतले. तिथेही कैदी हरला तो लिहिलेल्या शब्दांमुळे नव्हे, न लिहिलेल्या हेतूमुळे.

तिसरा आक्षेप आपल्या शेजारचा आहे, आणि तिथे पॉझिटिव्हिझमचे नाव थेट घेतले गेले. पाकिस्तानात ७ ऑक्टोबर १९५८ रोजी लष्करी कायदा जारी झाला, राज्यघटना रद्द झाली. अवघ्या वीस दिवसांत, २७ ऑक्टोबरला, सरन्यायाधीश मुहम्मद मुनीर यांच्या न्यायालयाने ‘डोसो’ खटल्यात केल्सन यांचा हवाला देऊन म्हटले की यशस्वी क्रांती ही स्वतःच नवा कायदा निर्माण करते. त्याच रात्री अयूब खान यांनी राष्ट्राध्यक्षांना हटवून सूत्रे हाती घेतली. केल्सन यांचे म्हणणे वर्णनाचे होते: एखादी राजवट टिकली, तिचे हुकूम एकंदरीत पाळले जाऊ लागले, तर अभ्यासकाला ती नवी कायदेव्यवस्था मानावी लागते. जुन्या घटनेची शपथ घेतलेल्या न्यायाधीशाने बंड करणाऱ्याच्या गळ्यात माळ घालावी, असे त्यातून निघत नाही. शिवाय राजवट टिकते की नाही, हे विसाव्या दिवशी कळायला मार्ग कोणता? उलट न्यायालयाचा होकार हाच ती टिकण्यातला एक टेकू ठरतो. यहिया खान पायउतार झाल्यावर १९७२ च्या ‘अस्मा जिलानी’ निकालात त्याच न्यायालयाने ‘डोसो’ मोडीत काढला आणि केल्सन यांचा सिद्धान्त तिथे गैरलागू होता, असे सांगितले. मुनीर यांनी वर्णनाची आज्ञा केली. हीच चूक राडब्रुख यांनी उलट बाजूने केली होती.

आता आपली आणीबाणी. २८ एप्रिल १९७६ च्या ‘एडीएम जबलपूर’ निकालाला बहुतेक जण पॉझिटिव्हिझमचे भारतीय उदाहरण म्हणून दाखवतात. २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ व २२ खालचे हक्क बजावून घेण्यासाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद केला होता. तरीही नऊ उच्च न्यायालयांनी ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली पकडलेल्यांचे अर्ज ऐकता येतात असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयात स्थानबद्धांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे होते. न्या. ह. रा. खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारले की, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तर काय? आणीबाणी आहे तोवर न्यायालयात उपाय नाही, असे उत्तर आले. चार विरुद्ध एक मताने ते उत्तर मान्य झाले. सरन्यायाधीश अ. ना. रे आणि न्या. बेग, न्या. यशवंतराव चंद्रचूड, न्या. भगवती एका बाजूला, खन्ना दुसऱ्या.

पण बहुमताने खरोखर शब्दाचे पालन केले का? अनुच्छेद ३५९ मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात दाद मागण्याचा हक्क स्थगित करू देतो. सरकारने मिसाबाहेर जाऊन कोणाला पकडावे, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. मिसा हा संसदेचा कायदा होता, त्यात अधिकाऱ्यावर अटी होत्या आणि त्या अटी कोणत्याही आदेशाने रद्द झालेल्या नव्हत्या. ‘मूलभूत हक्कांसाठी व इतर कोणत्याही प्रयोजनासाठी’ रिट काढण्याचा उच्च न्यायालयांचा अधिकारही शाबूत होता. जीविताचा हक्क केवळ अनुच्छेद २१ मध्येच वसतो, म्हणून तो गेला की सारेच गेले, ही भर बहुमताची स्वतःची होती. खन्ना यांच्या निकालपत्रात कायद्याचे राज्य हे मूल्य ठळक आहे, हे खरे. पण त्यांचा पाय कायद्यातच रोवलेला होता: कायद्याच्या आधाराविना शासनाला कोणाच्या जिवाला वा स्वातंत्र्याला हात लावता येत नाही आणि हे बंधन अनुच्छेद २१ च्या आधीपासूनचे आहे. बहुमताने ज्याचा आधार घेतला, तो १९४१ चा इंग्लंडमधला ‘लिव्हरसिज’ निकालही याच जातीचा. गृहमंत्र्याला ‘वाजवी कारण’ असेल तर माणूस स्थानबद्ध करता येईल, असे नियमात होते. बहुसंख्य लॉर्डांनी ‘वाजवी कारण आहे असे मंत्र्याला वाटले तर’ असे ते वाचले. नियमाचे शब्द आहेत तसेच वाचा, असे म्हणणारे लॉर्ड ॲटकिन एकटे पडले.

याच काळात मुंबईत याची दुसरी बाजूही दिसली. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा अनुच्छेद १९ आणीबाणीत निलंबित होता, त्यामुळे हक्काच्या नावाने भांडण्याची सोय नव्हती. १० फेब्रुवारी १९७६ रोजी न्या. दि. प्र. मादन व न्या. म. ह. कानिया यांच्या खंडपीठाने सेन्सॉरचा अधिकार ज्या नियमातून व आदेशातून येतो तोच समोर ठेवला आणि त्याच्या चौकटीबाहेरचा एकेक निर्णय खोडून काढला. सरकारवरची टीका म्हणजे देशाच्या सुरक्षेला धोका नव्हे. सर्व नियतकालिकांना एकाच सुरात बोलायला लावणे हे सेन्सॉरचे काम नाही, असे त्यांनी बजावले. कायद्याबाहेरच्या उंच तत्त्वांची गरज पडली नाही. सरकारने स्वतः लिहिलेला नियम सरकारलाच वाचून दाखवणे पुरेसे झाले.

राडब्रुख यांच्या सूत्राचा उपयोग झालाच नाही, असे नव्हे. देशाबाहेर हाकललेल्या ज्यूंचे नागरिकत्व हिरावणारा १९४१ चा वटहुकूम जर्मन घटना न्यायालयाने १९६८ मध्ये मुळापासून शून्यवत ठरवला. बर्लिनच्या भिंतीपाशी पळणाऱ्यांवर गोळ्या झाडणाऱ्या पूर्व जर्मन सैनिकांचा बचाव १९९२ मध्ये फेटाळला गेला, तोही याच आधाराने. पण हे सारे राजवट कोसळल्यावर, सुरक्षित न्यायालयात घडले. नाझी काळात एका पत्नीने नवऱ्याचा काटा काढण्यासाठी त्याच्या हिटलरविरोधी बोलण्याची चुगली केली; तिच्यावर युद्धानंतर चाललेल्या खटल्यावर १९५८ मध्ये हार्ट आणि फुलर यांचा वाद झाला. हार्ट यांच्या हाती आलेला निकालाचा तपशील चुकीचा होता, हे पुढे निघाले. तरी त्यांचा मुद्दा शाबूत आहे. तिला शिक्षा करायची असेल तर उघड पूर्वलक्ष्यी कायदा करा आणि त्यात वाईट काय आहे हेही कबूल करा. तो कायदा नव्हताच, असे म्हणून पेच झाकू नका. कारण ‘असह्य अन्याय असेल तर तो कायदाच नाही’ हे वाक्य श्मिट यांनाही म्हणता येते. फक्त असह्य काय ते फ्यूरर ठरवतो.

यातून पॉझिटिव्हिझम पुरेसा आहे असे निघत नाही. त्याने एकच काम होते: हे लिहिलेले आहे की नाही, हे प्रामाणिकपणे सांगणे. नसेल तर सत्तेला अडवता येते, मादन आणि ॲटकिन यांनी ते दाखवले. लिहिलेले असेल आणि ते अमानुष असेल, तर न्यायाधीशासमोर दुसरा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात मिळत नाही. राजीनामा, नकार किंवा सहभाग, यातले काय ते त्याला स्वतःच्या नावावर करावे लागते. लोकशाहीत याहून बरा मार्ग आहे, तो म्हणजे नीती आधीच कायद्यात लिहून ठेवणे. १९४९ च्या जर्मन घटनेने मानवी प्रतिष्ठेचे कलम दुरुस्तीच्याही कक्षेबाहेर ठेवले. आपण १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ आणीबाणीतही स्थगित होणार नाहीत, अशी तरतूद केली. २०१७ च्या ‘पुट्टस्वामी’ निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी वडिलांचाही सहभाग असलेला ‘जबलपूर’ निकाल रद्द ठरवला, ही घटना हृद्य आहे. पण पुढच्या आणीबाणीत नागरिकाच्या कामी येईल ती १९७८ मध्ये संसदेने लिहिलेली ओळ, आणि ती आहे तशी वाचणारा न्यायाधीश.